चारशे सतरा गुन्ह्यांचं स्वयंपाकघर

संक्रांत उलटून चार दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता शासनाला अधिकृतपणे कळलं की वाराणसी शहरातलं सर्वांत धोकादायक ठिकाण दूधविनायकच्या गल्लीत, कालिंदीबाई वझे यांच्या स्वयंपाकघरात, गॅसची शेगडी आणि लोणच्याच्या बरण्यांची फळी यांच्या बरोबर मधोमध आहे. त्या वेळी त्या ठिकाणी कालिंदीबाई स्वतः उभ्या होत्या आणि पुरणात वेलदोड्याची पूड घालत होत्या.

शासन दोन माणसांच्या रूपाने आलं. एक होते चौकीचे दरोगा विश्वजीत सिंह. ते याच स्वयंपाकघरात तीनदा जेवून गेले होते, त्यामुळे जरा ओशाळलेले होते. दुसरा अनिमेष, स्थानाधारित अपराध-प्रतिबंध कक्षाचा विश्लेषक. वय तिशीच्या आतबाहेर, हातात टॅब्लेट, पायात बूट.

"भैया, जूते बाहर," कालिंदीबाई म्हणाल्या.

अनिमेषने बूट काढले आणि लगेच टॅब्लेटवर नोंद केली: घटनास्थळी पादत्राणे काढावयास भाग पाडले जाते. मग त्याने दरोगांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. गेल्या तीन वर्षांत या एका ठिकाणी पादत्राणांच्या चोरीचे एकशे बावीस गुन्हे घडले होते. धागा हाती लागत होता.

नकाशा बघायला कालिंदीबाईंनी हात पुसले. सगळं शहर फिकं हिरवं होतं. मधून निळी गंगा गेली होती आणि काठाशी कुंकवाच्या बोटाएवढा एक लालभडक ठिपका होता. अनिमेषने तो दोन बोटांनी मोठा करत नेला, तेव्हा त्यातून आधी गल्ली निघाली, मग घर, मग शेगडी.

"चार मीटर की ऍक्यूरेसी है, मॅडम. कुल चार सौ सत्रह अपराध. मोबाइल छियानबे, सोने की चेन इकसठ, पर्स, चष्मे... और एक नाव."

"नाव? होडी?" कालिंदीबाईंनी दाराकडे बघितलं. त्या दारातून गहू भरलेलं पोतंसुद्धा आडवं करून आणावं लागतं. "माझ्या स्वयंपाकघरातून होडी कशी चोरीला जाईल?"

"वही तो जाँच का विषय है," अनिमेष गंभीरपणे म्हणाला.

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं. कालिंदीबाईंचा धंदा म्हणाल तर जेवणाचा, आणि खोड म्हणाल तर लोकांची रड ऐकण्याची. ब्रह्माघाटाच्या आसपास उतरणारी महाराष्ट्रातली यात्रेकरू मंडळी बावीस वर्षं त्यांच्याकडे पंगतीला बसत होती. काशीला जाऊन काहीतरी सोडून यावं, अशी आपल्याकडे रीत आहे. बरेच जण कारलं सोडतात, कोणी दुध्या भोपळा सोडतं. उरलेल्यांनी काय सोडायचं ते दशाश्वमेधावरची गर्दी परस्पर ठरवते. मग फोन गेला, चेन गेली, माकडाने चष्मा नेला की माणूस चौकीत जातो. चौकीत त्याला हद्द समजावून सांगतात. पायरीवर झालं असेल तर आमचं, पाण्यात झालं असेल तर पाण्यातल्या चौकीचं, आणि पाय पाण्यात नि पिशवी पायरीवर असेल तर दोघांचंही नाही. एवढं ज्ञान घेऊन माणूस रडत रडत जेवायला येतो.

कालिंदीबाईंना रडणाऱ्याला वाढवत नसे. त्या आधी पाणी द्यायच्या, मग आपला फोन काढून पोलिसांच्या ॲपवर त्याची तक्रार हिंदीत भरून द्यायच्या, आणि मग वरणभात वाढायच्या. एका नावाड्याची होडी गेली तेव्हा त्यालाही त्यांनीच तक्रार भरून दिली होती. त्या ॲपमध्ये घटना कुठे घडली हे लिहायला जागाच नव्हती. तक्रारदार जागेबद्दल खोटं बोलतात, उपग्रह बोलत नाहीत, असं वरचं धोरण होतं. तक्रार करताना फोन जिथे असेल तिथेच गुन्हा घडला, असं ॲप आपलं आपण टिपून घ्यायचं. फोन शेगडीजवळ असायचा.

हे सगळं कालिंदीबाईंनी अनिमेषला तीनदा समजावून सांगितलं. त्याने ते सहानुभूतीने ऐकलं.

"मॅडम, आप खुद को दोष मत दीजिए," तो म्हणाला. "हमारा विज्ञान मानता है कि अपराध आदमी से नहीं होता, जगह से होता है. आप निर्दोष हैं. दोषी आपकी रसोई है."

दुसऱ्या दिवसापासून रसोईवर कारवाई सुरू झाली. फळीवर कॅमेरा बसला, छताला प्रखर दिवा लागला आणि शेगडीच्या दोन बाजूंना दोन शिपाई उभे राहिले. काळोखी कोपरे गुन्ह्याला उत्तेजन देतात म्हणून लोणच्याच्या बरण्या पारदर्शक करण्याची सूचना आली. दारावर पाटी लागली: 'सावधान! आप अति-संवेदनशील अपराध-स्थल पर भोजन कर रहे हैं.' हीच माहिती नकाशाबरोबर प्रत्येकाच्या फोनवरही जात होती. साताऱ्याहून आलेल्या एका जोडप्याने पहिला घास घेता घेता ती वाचली आणि हात न धुता पळ काढला.

पंगती ओसरल्या. पंधरा दिवसांत जेवायला दोनच माणसं उरली आणि ती दोन्ही बंदोबस्ताची होती. कालिंदीबाईंना खरी काळजी लागली ती अधिक महिन्याची. यंदा ज्येष्ठ अधिक आला होता. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना म्हणजे त्यांची सुगी. अनारशांचं पीठ, तेहतीसांची वाणं, रोज दोन पंगती, आणि त्यावर पुढची दोन वर्षं घर चालायचं. जालन्याची बेचाळीस माणसं कधीच ठरलेली होती. त्यांच्या प्रमुख मालविकाताईंचा फोन आला.

"काकू, तुमच्याकडे खून वगैरे होतात का हो?"

"छे गं बाई!"

"नाही, नकाशावर तुम्ही लालभडक दिसता. महिना लागेपर्यंत हिरव्या झालात तर येऊ. नाहीतर दुसरीकडे बघावं लागेल, राग मानू नका."

कालिंदीबाईंचे यजमान रत्नाकरराव विद्यापीठाच्या कार्यालयातून निवृत्त झाले होते. जगात अर्जाने सुटत नाही असा प्रश्न नाही, ही त्यांची श्रद्धा चौतीस वर्षांच्या नोकरीनेही डळमळली नव्हती. त्यांनी 'विषय: स्वयंपाकघर अपराध-स्थलांच्या यादीतून वगळण्याबाबत' असा दीड पानी अर्ज लिहिला आणि ॲपवर टाकला. घरात बसूनच टाकला. संध्याकाळी ठिपका थोडा मोठा झाला आणि आकडा चारशे अठरा झाला.

"अहो, हे काय केलंत?"

"स्मरणपत्र द्यायला हवं," रत्नाकरराव म्हणाले आणि चारशे एकोणीस झाले. मग त्यांनी वाढत्या आकड्याचा तीव्र निषेध नोंदवला, तो चारशे विसावा गुन्हा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसतं. कालिंदीबाईंनी त्यांचा फोन काढून डाळीच्या डब्यात ठेवला, तेव्हा कुठे शहरातली गुन्हेगारी आटोक्यात आली.

इकडे नवंच संकट उभं राहिलं. अनिमेषच्या यंत्राने भाकीत केलं होतं की या जागी आठवड्याला किमान तीन गुन्हे घडतील. फोन डब्यात गेल्यावर दोन आठवडे एकही घडला नाही. तेव्हा दोन्ही शिपायांकडून खुलासा मागवण्यात आला: अपेक्षित गुन्हे का घडले नाहीत? शिपाई हवालदिल झाले.

"माताजी, कुछ छोटा-मोटा करवा दीजिए," थोरला शिपाई अजीजीने म्हणाला. "एक कटोरी ही सही. हम भी बाल-बच्चेवाले हैं."

कालिंदीबाईंनी वाटी दिली नाही. पण महाशिवरात्रीच्या दिवशी देवानेच बघितलं. खिडकीतून माकड आलं आणि थोरल्या शिपायाची टोपी घेऊन गेलं. त्याने आनंदाने तिथल्या तिथे तक्रार नोंदवली. कक्षात पेढे वाटले गेले, कारण भाकीत खरं ठरलं होतं.

शेवटी दरोगा विश्वजीत सिंहांनी कालिंदीबाईंना बाजूला घेतलं. "चाची, अर्जी-वर्जी छोड़िए. नियम सीधा है. नब्बे दिन तक इस जगह से एक भी शिकायत न जाए, तो जगह अपने आप सुधर जाती है."

"म्हणजे चोऱ्या थांबायला हव्यात?"

"चोरी का इसमें क्या काम? शिकायत न जाए बस."

कालिंदीबाईंनी बोटांवर मोजलं. उद्यापासून नव्वद दिवस म्हणजे अधिक महिन्याच्या आदल्या दिवसापर्यंत. एक दिवस इकडचा तिकडे झाला की सुगी गेली. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांनी कॅलेंडरवर पहिली फुली मारली.

आता रडत येणाऱ्यांचं काय करायचं? कालिंदीबाई हुशार होत्या. त्यांनी विचार केला, तक्रार चौकीच्या दारातच जाऊन भरली तर? गुन्हा पोलिसांचा, जागाही पोलिसांची. मग जो येईल त्याला पाणी पाजून कालिंदीबाई स्वतःच्या पायांत चपला सरकवायच्या, त्याला चौकीच्या पायरीवर नेऊन तक्रार भरायच्या आणि घरी परत आणून जेवू घालायच्या. तोवर ती चौकी नकाशावर सगळ्या शहरात गर्द हिरवी होती. तिथे गेल्या तीन वर्षांत एकही गुन्हा नोंदला गेला नव्हता. दहा दिवसांत ती पिवळी पडली, बाराव्या दिवशी नारिंगी झाली. तेराव्या दिवशी पहाटे तिथे दोन ट्रक भरून राखीव पोलीस आले आणि त्यांनी चौकीला पोलिसांपासूनच संरक्षण दिलं. दुपारी फाटकावर आदेश लागला: 'चौकीच्या शंभर मीटर परिसरात तक्रार करणे हा दंडनीय अपराध आहे.'

आदेशाची बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि सगळं शहर शहाणं झालं. जिथे तक्रार होते ती जागा बिघडते, हे एकदा कळल्यावर कोण आपल्या दारात तक्रार होऊ देईल? पूर्वी भिंतींवर 'यहाँ गंदगी न करें' असं लिहिलेलं असायचं, त्याखाली आता 'यहाँ शिकायत न करें' आलं. कालिंदीबाईंच्या समोरच राहणाऱ्या बकुळताई खोल्या भाड्याने द्यायच्या. त्यांनी ओट्यावर खुर्ची टाकली आणि गल्लीत कोणी डोळे पुसताना दिसला की त्या हातातली काठी आपटायच्या.

"पुढे व्हा, पुढे! रोना है तो चौक में जाके रो!"

लोकांची पाकिटं जातच होती, फक्त ती गेल्याचं सांगायला शहरात जागा उरली नव्हती. मग एका नावाड्याला युक्ती सुचली. नदीच्या मधोमध कोणाचंच दार नसतं. तो पीडित मंडळींना होडीत घालून ऐन प्रवाहात नेऊ लागला. तिथे सगळे आपापले फोन काढायचे, फोन गेलेले शेजाऱ्याचा मागायचे, तक्रारी भरायचे आणि किनाऱ्याला यायचे. बघता बघता गंगेच्या पोटात एक लाल पट्टी उमटली आणि दोन्ही काठांची जमीन हिरवीगार झाली. पापं तशीही गंगेतच जायची होती. सरकारने फक्त त्याची ऑनलाइन सोय केली.

ब्याऐंशीव्या दिवशी भर दुपारी कालिंदीबाईंच्या दारात एक बाई आली. परभणीकडची, नाव गीता. एकटीच होती. पायांत चप्पल नव्हती आणि मेच्या फरशीने तळवे लाल झाले होते. नवऱ्याच्या अस्थी विसर्जन करायला आली होती. अस्थींचा कलश मांडीवर घेऊन बसली असताना शेजारची पिशवी कोणीतरी उचलली. त्यात फोन होता, परतीचं तिकीट होतं आणि नवऱ्याचा एकुलता एक फोटो होता.

"ताई, घाटावर एकानं सांगितलं, तुम्ही तक्रार लिहून देता म्हणून."

कालिंदीबाईंचा हात सवयीने फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. कॅलेंडरवर एक्याऐंशी फुल्या होत्या. धाकटा शिपाई मान वळवून भिंतीकडे बघत होता. कालिंदीबाईंनी तिला पाणी दिलं, आपल्या जुन्या चपला दिल्या, ताट वाढून दिलं. ती जेवेना. नुसती फोनकडे बघत राहिली.

"इथे नाही गं भरता येत आता," कालिंदीबाई म्हणाल्या. "नियम आहे. तू असं कर, घाटावर जा. तिथून होडी सुटते."

"पाण्यात जाऊन सांगायचं?"

"हो. तिथे चालतं."

गीता उठली. उंबऱ्याशी तिने एकदा वळून पाहिलं. ती गेल्यावर कालिंदीबाईंनी दार लावून घेतलं. बावीस वर्षांत दुपारचं दार लावायची ही पहिलीच वेळ. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशीची फुली मारायला त्यांनी रत्नाकररावांना सांगितलं.

एकोणनव्वदाव्या दिवशी कालिंदीबाईंच्या देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा गेली. लग्नात आईने ओटीत घातलेली, चांदीची, बोटभर उंचीची. दोन शिपाई, एक कॅमेरा आणि प्रखर दिवा यांच्या देखत गेली. कॅमेऱ्याने शेगडीवर डोळा ठेवला होता आणि देव्हारा साडेचार मीटरवर, म्हणजे विज्ञानाच्या कक्षेबाहेर होता. त्या स्वयंपाकघरात खराखुरा घडलेला हा पहिलाच गुन्हा. माकडाने नेलेली टोपी सोडली तर.

"अहो, ही जागा रिकामी!" त्या म्हणाल्या. रत्नाकरराव डाळीच्या डब्याकडे धावले. त्यांनी डब्यात हात घालण्याआधी कालिंदीबाईंनी त्यावर झाकण दाबून धरलं.

"क्या हुआ, माताजी?" थोरल्या शिपायाने विचारलं.

"कुछ नहीं हुआ, भैया," कालिंदीबाई म्हणाल्या. "यहाँ कुछ नहीं होता."

पण आईची अन्नपूर्णा ती. मनाला कितीही दटावलं तरी रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सहाला त्या डोक्यावरून पदर घेऊन घाटावर गेल्या आणि नावाड्याच्या होडीत मान खाली घालून बसल्या. होडी लोटल्यावर त्यांनी हळूच वर पाहिलं. समोरच्या फळीवर बकुळताई होत्या.

"स्नानाला?" बकुळताईंनी विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मीपण." बकुळताईंच्या गळ्यात आज मोहनमाळ नव्हती.

होडीत पंचवीसएक माणसं होती, सगळी हिरव्या भागांतली. मागच्या टोकाला तोंडावर गमछा घेऊन दरोगा विश्वजीत सिंह बसले होते. चौकीच्या आवारातून त्यांची मोटारसायकल गेली होती. ऐन प्रवाहात नावाड्याने वल्ही थांबवली, तसे सगळे एकमेकांकडे पाठ करून आपापल्या फोनवर झुकले. परत येताना दरोगांनी घसा साफ केला आणि हवा फार छान असल्याचं सांगितलं. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी अधिक महिना लागला. अनिमेषने स्वतः येऊन कालिंदीबाईंना 'सुधरलेले स्थान' असं प्रमाणपत्र दिलं. दोन्ही शिपायांची बदली नदीवर झाली, त्यातल्या एकाला पोहता येत नव्हतं. जालन्याची बेचाळीस माणसं दहाच्या सुमाराला गल्लीत शिरली. मालविकाताईंनी आत येण्याआधी फोनवर पुन्हा एकदा रंग बघून घेतला.

"वा काकू, एकदम हिरव्या झालात! म्हणून तर आलो. बरं, ही मधोमध लाल पट्टी कसली हो? केवढी लांब!"

"ती गंगा," कालिंदीबाई म्हणाल्या.

"अगं बाई!" मालविकाताई मागे वळल्या. "ऐका रे सगळ्यांनी! नदीकडे कोणी फिरकायचं नाही. फार गुन्हे होतात तिथे. मुलांचे हात धरा."

"पण तुम्ही अधिकाच्या स्नानाला आलात ना?"

"स्नान काय, कुठेही होतं, काकू. तुमच्याकडे नळाला गंगेचंच पाणी येतं ना? आपल्याला सुरक्षित जागा महत्त्वाची."

कालिंदीबाई बोलणार होत्या. त्या नदीवर काहीच होत नाही गं, जे होतं ते इथे होतं, परवाच माझ्या देव्हाऱ्यातून झालं, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी बेचाळीस माणसांकडे पाहिलं, अनारशांच्या पिठाच्या परातींकडे पाहिलं.

"बादल्या चारच आहेत," त्या म्हणाल्या. "पाळीपाळीने घ्या."

मग गंगेपासून दोनशे पावलांवर, मोरीत, बेचाळीस जणांनी प्लास्टिकच्या मगाने अधिक महिन्याचं काशीस्नान केलं. बाहेरून रत्नाकरराव मोठ्याने संकल्प सांगत होते.

मालविकाताईंना तुम्ही हसत असाल, तर जरा थांबा. आधी आपला फोन काढा आणि आपण राहतो तो भाग कोणत्या रंगाचा आहे ते बघा. हिरवा असला तर अभिनंदन. आणि तुमच्या भागात पूर्वी अधूनमधून कोणी रडत दाराशी यायचं, ती माणसं हल्ली कुठे जातात, हे दुसऱ्या कुणाला विचारू नका. दार तुम्हीच लावलंय.